पुढचा डावा खांदा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी सकाळी मामांचा फोन तीनदा वाजला, तेव्हा मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर होता. ट्रेडमिलवर मोबाइल ठेवायला एक खाच असते, तिथे. ‘घरमालक’ अशी अक्षरं उमटत होती, विझत होती, पुन्हा उमटत होती. मी चालत राहिलो. चढावर चालायचा प्रोग्राम लावलेला होता आणि त्यातली बारा मिनिटं उरली होती. मोबाइल घरी चार्जिंगला राहिला होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाचं खोटं फार टिकतं.

मामा म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. बिरवाडीत त्यांच्या चार खोल्या होत्या आणि त्यातल्या एकीत मी, बायको आणि मुलगी सहा वर्षं राहिलो. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी स्टोअरला आहे. सगळे भाडेकरू त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मूळचे शिवथरच्या खोऱ्यातले, पण खोऱ्यातले म्हटलं तर त्यांना राग येई. ‘खोऱ्यातला नाय, खोऱ्यावरचा,’ म्हणत. वर माथ्याजवळ त्यांची वाडी. पंधरा-वीस घरं, म्हशी, नाचणी, वरी. तरुणपणी खाली उतरले, कारखान्यात बॉयलरवर खलाशी म्हणून राबले आणि रिटायर झाले. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. अंगाने सुके, उंचीने बेताचे आणि बारा महिने अनवाणी.

आम्ही दोघं खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी डिपॉझिटचं विचारलं नाही, घरात माणसं किती तेही नाही. ‘चपला काढ आनि हितं उभा ऱ्हा,’ म्हणाले. मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, माझ्या खांद्यावर एक फळकूट आडवं धरलं आणि कोळशाने चौकटीवर रेघ मारली. तशा सात-आठ रेघा तिथे आधीच होत्या. बायको हळूच म्हणाली, ‘अहो, हे कसलं माप घेतायत?’

मामांनी ऐकलं. ‘तुझं नाय घेत गो, तू भिऊ नको.’ मग वाकून रेघांमधलं अंतर बोटांनी मोजलं आणि स्वतःशीच बोलले, ‘पुढचा डावा गावला.’ मग आमच्याकडे वळून: ‘खोली तुमची. कधी येताय?’

त्याचा अर्थ महिनाभराने कळला. वाडीपासून गाडीरस्त्यापर्यंत दीड तासाची उतरण आहे. रस्ता मंजूर आहे असं मी आल्यापासून ऐकतो. एकदा जेसीबीने थोडा कापलाही होता, पुढच्या पावसात त्यावर दरड आली. वर कोणी आजारी पडलं की त्याला डोलीतून उतरवायचं. दोन लांब बांबू, मध्ये शिवलेली दुहेरी घोंगडी, चार खांदे. पूर्वी वाडीतच खांदे होते. आता तरणी माणसं मुंबईला, आणि वर उरलेत ते डोलीत निजायच्या वयाचे. म्हणून मामा खालचे खांदे जमवत. आम्ही चौघे भाडेकरू त्यांची डोली होतो. नांदेडकडचा एक फोर्कलिफ्ट चालवणारा, एक लातूरचा, एक पार बिहारचा आणि मी सातारा जिल्ह्यातला. ज्या वाडीचं नाव आमच्या घरच्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, तिथल्या म्हाताऱ्यांना खाली आणायचं काम खोलीबरोबर आपोआप आमच्याकडे आलं. आश्चर्य म्हणजे कोणीच नाही म्हणालं नाही. मामा विचारतच नसत. नाही म्हणायला आधी कोणी विचारावं लागतं.

ते आम्हाला नावांनी हाकही मारत नसत. मी पुढचा डावा. नांदेडचा पुढचा उजवा. बाकीचे दोघे मागचे. सकाळी नळाला पाणी आलं की अंगणातून ओरडत, ‘ए मागच्या उजव्या, तुझी बादली भरली रे!’ माझ्या मुलीने शाळेत वडिलांचं नाव सांगताना एकदा चुकून तेच सांगितलं होतं म्हणे.

उंच माणसं पुढे, कारण उतरताना पुढचे पाय खालच्या पायरीवर असतात. आणि पुढच्या दोघांचे खांदे एका बोटाच्या फरकात जुळले पाहिजेत. ‘हितं एक बोट फरक असला,’ मामा म्हणत, ‘तर खाली पोचेस्तो सगला भार एकाच्या मानंवर बसतो. भार लबाड असतो. जो वाकलेला दिसंल त्याच्याकडं धावतो.’

रविवारी सकाळी ते आम्हाला बिरवाडीमागच्या टेकडीवर नेत. पहिले काही महिने डोलीत वाळूच्या गोणी असत. मग वाळू काढून माणूस निजवायचा. ‘वाळू गप पडून ऱ्हाते. मानूस कन्हतो, हालतो, कूस बदलतो. ज्या वजनाला हालता येत नाय ते काय वजन?’ आम्ही पाळीपाळीने डोलीत निजायचो, रिकाम्या पडलेल्या जागी एखादा जुना भाडेकरू खांदा द्यायला येई, आणि निजणाऱ्याने मुद्दाम तळमळायचं असा नियम होता. बिहारचा फार छान तळमळायचा. मामा मागून चालत, हातात काठी, आणि ज्याचं पाऊल चुकलं त्याच्या पोटरीला ती हलकेच लागे.

‘मेल्यावर खांदा द्यायला सगला गाव गोला होतो,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. ‘जित्याला कोन देतो?’

मी स्वतः सहा वर्षांत नऊ वेळा खऱ्या डोलीला खांदा दिला. पहिली खेप त्यांच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळे आक्का म्हणत. दोन म्हशी घेऊन ती वर एकटीच राहायची. दम्याने बेजार झाली म्हणून आणायला गेलो, तर डोलीत निजवल्याबरोबर तिने दंगा केला. उतरणीवर डोकं वरच्या अंगाला ठेवायचं तर पाय पुढे येतात, आणि पाय पुढे करून आपल्याकडे एकाच माणसाला नेतात.

‘पाय पुढं? मी मेले का रे, मेल्यांनो?’

‘आक्के, डोकं खाली केलं तर तुझा दम आनि कोंडंल.’

‘कोंडू दे. पन पाय पुढं करून मी वाडीतनं जायची नाय. बायका दारात उभ्या हायत.’

वाडीतली जाणती माणसंही तिच्या बाजूची. पूर्वी डोकं पुढे करून नेत, म्हणे, आणि खाली पोचेपर्यंत माणूस निळा पडलेला असे. पण रीत ती रीत. मामांनी थोडा वेळ काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, ‘असं कर. तू बोलत चल. मेल्यालं मानूस बोलत नाय. बघनाऱ्याला आपसूक कळंल.’

मग आक्का दीड तास बोलली. दम लागे तिथे थांबे, पुन्हा सुरू होई. लहानपणी भावाने चोरलेली दुधावरची साय, मयत नवऱ्याचा आळस, पुढच्या उजव्याचं घोड्यासारखं फुरफुरणं, आणि माझ्यावर तर खास: ‘ह्यो ताडमाड कुठनं आनलास रे? ह्याच्या खांद्यावरनं मला रायगड दिसतोय!’ खाली अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने विचारलं, ‘पेशंट कोण आहे?’ तेव्हापासून मामांनी नियमच केला. डोलीत निजेल त्याने बोलत राहायचं, आणि खांदेकऱ्यांनी उत्तर द्यायचं. बोलणं थांबलं की डोली थांबवायची.

आता माझ्याकडे येतो. टाळून उपयोग नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत माझी शुगर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करतो, पण रोज पाऊण तास व्यायाम पाहिजे; रविवारचं डोंगर चढणं पुरेसं नाही. बायको म्हणाली, ‘मामा रोज टेकडीवर जातातच की. त्यांच्याबरोबर जात जा.’ ते सरळ होतं. पण त्याच सुमारास महाडात हायवेजवळ एक नवी जिम निघाली होती. दुसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे पावसात पूर येतो, म्हणून जे जपायचं ते वरच्या मजल्यावर ठेवतात. मालकानेही पहिलं वाक्य हेच सांगितलं, ‘पाणी आलं तरी मशिनं कोरडी राहणार.’ सुरुवातीला एक दिवस फुकट ट्रायल होती. मी मामांना सहज म्हटलं, येता का बघायला, आणि ते खरंच आले. अनवाणी. ट्रेनरने त्यांना दारातच थांबवलं, शूज लागतात म्हणाला. मामांनी त्याला नीट न्याहाळलं आणि तिथल्या मोठ्या आरशाशेजारी उभं करून हाताच्या पंजाने त्याच्या खांद्याचं माप घेतलं. ‘मागचा उजवा,’ म्हणाले. तो हसला आणि त्याने त्यांना आत सोडलं.

त्यांनी सगळं बघितलं. डंबेल उचलून पाहिलं, परत जागेवर ठेवलं. ट्रेडमिलवर एक बाई चालत होत्या, त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता टोमणा येणार. पण परतताना एसटीत म्हणाले, ‘चांगलं हाय. हवा गार हाय, चिखल नाय. म्हाताऱ्याकोताऱ्याला, बायामानसाला बरं हाय. पन तितं एकाला दुसऱ्याची गरज दिसली नाय मला.’

ते तक्रार म्हणून बोलले. मला मात्र नेमकं तेच आवडलं होतं, हे मी त्यांना कसं सांगणार?

हे नीट सांगायला हवं, नाहीतर जिमवर उगाच दोष जाईल. पंधरा दिवस मी तोलत होतो. टेकडी घराजवळ, जिम आठ-दहा किलोमीटरवर. पण कंपनीतून सुटल्यावर महाडला जाणं जड नव्हतं. टेकडीवर पावसाचे चार महिने निसरडं आणि जळवा. जिममध्ये पंखा, आरसा, गाणी. मशीन आपण किती चाललो ते आकड्यात दाखवतं, डॉक्टरांना सांगता येतं. हे सगळं खरं होतं, पण त्याने माझा निर्णय झाला नाही. निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीने. टेकडीवर माझी एक जागा होती. मी एक दिवस गेलो नाही तर बाकी तिघांचा सराव बुडायचा. आणि सरावाच्या शेवटी नेहमी ती खरी डोली उभी असे. कधी, कोणत्या दिवशी, ते माहीत नाही. फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. जिममध्ये मी आलो नाही तरी कोणाचं काही अडत नव्हतं. सहा वर्षांनी मला कोणाचं काही अडू नये असं वाटायला लागलं होतं. मी वर्षाची मेंबरशिप घेतली.

यात पाप नाही. सरळ जाऊन म्हटलं असतं, ‘मामा, मला आता होत नाही, दुसरा बघा,’ तर त्यांनी चार दिवस तोंड फिरवलं असतं आणि पाचव्या दिवशी कोणाचा तरी खांदा मोजला असता. पण माझ्याने ते वाक्य बोलवलं नाही. मी म्हणालो, ‘डॉक्टरांनी खांद्यावर वजन घेऊ नको सांगितलंय. डावा खांदा धरलाय.’

मामांचा चेहरा असा झाला, जणू घरात कोणी गेल्याचं मी सांगितलं. ‘माझ्यापायी झालं रे ते,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निर्गुडीचा पाला घेऊन दारात. पाला वाफवून शेकायचा, मग कोमट तेल. ‘शर्ट काढ.’ मी म्हटलं राहू दे मामा, मी करतो. ‘सोताचा खांदा सोताला चोळता येतो का? बस हितं.’ आणि मी बसलो. अंगणातल्या दगडावर, चांगला धडधाकट खांदा उघडा करून. रोज. पाच आठवडे. ते मागे उभे राहून चोळत, बोटं मानेपासून दंडापर्यंत नेत, मध्येच थांबत, दाबत, विचारत, ‘हितं?’ मी म्हणायचो, ‘हो, तिथेच.’ आणि संध्याकाळी त्याच खांद्याने जिममध्ये डंबेल उचलायचो. ट्रेनर म्हणायचा, ‘सर, रोज हा पाल्याचा वास कसला येतो?’ मी म्हणायचो, बायको काहीतरी लावते.

ज्या माणसाने आयुष्यभर खांदे हाताळले त्याच्या बोटांना कळलं नसेल? या प्रश्नावर मी पुष्कळ वेळ घालवला आहे. एकदा चोळता चोळता ते म्हणाले होते, ‘दुखनं हाय ते हाय. कुठं हाय ते गावायला येळ लागतो.’ मी तेव्हा मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

मन खात होतं म्हणून मीच सुचवलं, आमच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन माझ्याच उंचीचा आहे. मामा दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या गेटवर हजर, हातात फळकूट. वॉचमन आधी गडबडला, मग हसला. मापात बरोबर बसला, बोटाचाही फरक नाही. यायला तयारही झाला. बिरवाडीतच कुठेतरी खोली घेऊन राहत होता. मामा मला म्हणाले, ‘त्याचा नंबर तेवढा देऊन ठेव.’ मी म्हटलं, आज देतो. तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. द्यायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे, खरंच राहून गेलं. पण माझं राहून गेलेलं आणि मुद्दाम केलेलं यात फरक कसा करायचा ते आता मलाच कळत नाही.

तो रविवार श्रावणातला होता. आक्का सकाळी गोठ्यात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वरून शेजारणीने मामांना कळवलं. पावसाचा जोर वाढत होता आणि वाटेतला ओढा भरायला लागला की संध्याकाळपर्यंत उतरता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनी तिघांना उठवलं. माझ्या खोलीला कुलूप होतं, बायको आणि मुलगी गावी गेल्या होत्या, म्हणून मला फोन केला. एकदा, दोनदा, तीनदा.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, माणूस अडलाय, आता म्हणणार दुखत असला तरी ये. मी जाणार, डोली उचलणार, आणि खांदा ठणठणीत आहे हे उघडं पडणार. नाहीतर पुन्हा खोटं बोलणार. यातलं काहीच नको म्हणून मी समोरच्या आकड्यांकडे बघत चालत राहिलो. बारा मिनिटं पूर्ण केली. नंतर पाच मिनिटं हळू चालायचं असतं, तेही चाललो.

पुढचं मला नांदेडच्याने सांगितलं. तो सांगताना रडला, म्हणून मी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्या जागेवर मामा उभे राहिले. पासष्टी उलटलेले, उंचीने नांदेडच्यापेक्षा वीतभर कमी. खांद्यावर घोंगडीची घडी घालून त्यांनी उंची भरून काढायचा प्रयत्न केला, पण घडी पावसात भिजून बसली. भार सगळा त्यांच्याकडे आला. अर्ध्या वाटेत दगडी पायऱ्यांचं एक वळण आहे, शेवाळाचं. तिथे त्यांचा पाय सुटला. बांबू खांद्यावरून जाऊ द्यायचा आणि स्वतःला वाचवायचं, इतका वेळ होता. पण बांबू सुटला असता तर आक्का दरीच्या बाजूला गेली असती. ते गुडघ्यावर पडले आणि बांबू खांद्यावरच धरून ठेवला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या दोघांनाही ऐकू आला. आक्का बोलत होती, ती गप्प झाली. तर मामा तसेच खाली बसून ओरडले, ‘बोल गो! गप ऱ्हाऊ नको!’

पुढचे दोन्ही बांबू नांदेडच्याने एकट्याने दोन्ही खांद्यांवर घेतले, आणि त्या सगळ्यांना खाली यायला साडेतीन तास लागले.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेलो. खांद्याचा सांधा आणि गळ्याकडचं हाड, दोन्ही गेलं होतं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘तुझा फोन लागला नाय.’

‘घरी चार्जिंगला होता, मामा. मी बाहेर होतो.’

‘ऱ्हाऊ दे. तुला बोलवायला नव्हता केला रे. तुझा खांदा तसा, तुला कसा बोलवीन? त्या वॉचमनचा नंबर तुझ्याकडं व्हता ना, म्हनून लावला.’

वॉचमनला त्या दिवशी सुट्टी होती. मामांच्या घरापासून दहा मिनिटांवर आपल्या खोलीत तो झोपलेला होता. मी फोन उचलून दहा आकडे सांगितले असते, तर तेवढ्याने भागलं असतं. ट्रेडमिल थांबवावीही लागली नसती.

तेव्हा सांगायला हवं होतं. कॉटशेजारी स्टूल होतं, त्यावर मी तासभर बसलो. नर्स आली, गेली. मामा झोपेच्या औषधाने पेंगत होते आणि मध्येच डोळे उघडून म्हणत, ‘तू जा घरी, तुला अवघडंल.’ मी गेलो.

त्यांचा डावा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. सदरा घालायला शेजारच्याला हाक मारत. डोली मात्र थांबली नाही; वॉचमन आला, अजून एक आला, मामा काठी घेऊन मागून चालत. वाडीत कोणीतरी बोललं, तुमचा तो उंच भाडेकरू ऐन वेळी कुठे गेला, तर मामा त्याच्या अंगावर धावून गेले म्हणे: ‘त्याचा खांदा दुखतो! दुखन्यातल्या मानसाला नावं ठेवता?’ हे मला लोकांनी सांगितलं, माझं मन राखायला. मी सहा महिन्यांत मुलीच्या कॉलेजचं कारण काढून महाडला फ्लॅट घेतला. जिमची मेंबरशिप संपेपर्यंत जात राहिलो. शुगर खाली आली. तेही खरं आहे.

गेल्या थंडीत मामा वारले. झोपेत. बिरवाडीत त्यांच्या अंगणात इतकी माणसं जमली की कंपनीच्या एका पाळीला माणसं कमी पडली असतील. वाडीतून जो चालू शकत होता तो खाली आला होता. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मी पुढे झालो. पुढच्या डाव्या बाजूला, सवयीने. नांदेडचा समोर उभा होता. इतक्यात मागून कोणीतरी मला दंडाला धरून बाजूला केलं, फार प्रेमाने. ‘साहेब, तुम्ही नको. तुमचा खांदा दुखतो. मामांनाच आवडायचं नाही.’ आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्याने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चुचकारल्यासारखं चोळलं. माझ्या जागी वॉचमन उभा राहिला.

तोंड उघडायला तेव्हाही जागा होती. शंभर माणसं ऐकायला होती. मी म्हणालो, ‘बरोबर आहे,’ आणि मागे सरलो. स्मशानापर्यंत रिकाम्या खांद्याने चालत गेलो.

आता आक्काबद्दल. ती वर वाडीतच आहे. खुब्यात सळई घातली, काठीने चालते, एक म्हैस विकली, एक ठेवली. वर्षातून दोनदा खाली येणाऱ्या माणसाबरोबर तूप पाठवते माझ्यासाठी. खांद्याला चोळायला, जुनं तूप. निरोप दर वेळी एकच असतो. बायकोने तो ऐकलाय, मी ऐकलाय. ‘त्याला सांगा, माझ्यापायी भावाचा हात गेला, आनि त्या दुखन्यानंच त्याला नेलं. गोठ्यात जपून पाय टाकला असता तर जिता असता. तू तरी खांद्याला जप रे.’

डॉक्टरांच्या मते हाताचा आणि मामांच्या मरणाचा संबंध नाही. मी तो निरोप वर पाठवला होता. ती म्हणाली, डॉक्टरला काय कळतं. नांदेडचा मध्यंतरी वर जाऊन आला. म्हणाला, ती हल्ली गोठ्याच्या त्याच उंबऱ्यावर बसून असते, कोणाशी फार बोलत नाही. आक्का, आणि बोलत नाही.

तिचा पाय घसरला, त्यात तिचा काही दोष नव्हता. भावाचा हात गेला तो माझ्यामुळे. तिने उचललेलं ते ओझं माझं आहे.

हे सगळं मी लिहिलं, पण आक्काला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून निरोप पाठवण्यासारखं हे नाही. दीड तासाची चढण आहे. माझे गुडघे चांगले आहेत, खांदे चांगले आहेत, दम लागत नाही. वर जाऊन तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की माझा खांदा कधीच दुखत नव्हता आणि फोन माझ्या समोर होता. अजून मी गेलेलो नाही. तेवढं देणं माझ्याकडे आहे.